लॉबी

नायगावात, फ्लडलाइटखाली, शेवटची दोन मिनिटं.
तीन गुणांनी आम्ही पुढे.
त्यांचा पोरगा चढाईला आला, बिचकला,
कुणी शिवायच्या आतच लॉबीत गेला
आणि आमचे चौघे त्याच्यावर तुटून पडले.
पळत्याला सोडायचं नाही,
वैती मास्तरांनी दुसरं शिकवलंय काय?

शिट्टी.
तो बाद. बरं.
आमचे चौघेही बाद.

"स्पर्श नव्हता," पंच कुडतरकर म्हणाले,
"स्पर्शाशिवाय लॉबी म्हणजे मैदानाबाहेर.
कलम आहे."

कलम!
गवाणकरने पायातली चप्पल काढली,
नवी आहे हे आठवून परत घातली.
मागून एक बाई ओरडली,
"अहो, धरलं कुणी आणि मेलं कोण!"
मेलो आम्हीच. एका गुणाने.

रात्री मास्तरांकडून नियमांची झेरॉक्स आणली,
गंजलेल्या टाचणीची, मधलं पान उलटं लावलेली.
कलम होतं.
कुडतरकर बोलले तसंच, शब्दाला शब्द.
माणूस चुकला असता
तर निदान झोप लागली असती.

सकाळी दुधाची पिशवी घेऊन मैदानातून येताना पाहिलं:
कुत्र्यांनी सगळी फक्की विस्कटलेली,
लॉबीची रेघ तेवढी शाबूत.
चिटपाखरू नव्हतं,
तरी मी वळसा घालून गेलो.

दहा पावलांवर लक्षात आलं.
मागे फिरलो, टाचेने पुसायला लागलो,
अर्धी पुसली असेल
तोवर पिशवी गळायला लागली.