बत्तीसचं कार्ड

एम. जी. रोडवरच्या दुकानदारानं विचारलं, लग्न आहे का?
म्हटलं, नाही, वह्या आहेत.
मग काय, तो म्हणाला, वह्या हलत नाहीत,
बत्तीस जीबीत अख्खं गाव बसेल.

घरी लावून पाहिलं, तर बत्तीसचे
एकोणतीस पॉइंट आठ.
(दूधवाल्याचं माप बरं.)
एका पानाला आठ एमबी धरले,
लाइटबिलाच्या पाठीवर भागाकार केला:
अडतीसशे, वर थोडे.
वह्या एक्केचाळीस, पानं सरासरी एकशेऐंशी.
दोन कार्डं. रविवारी मी मोकळी.

पंचवटीत, रामकुंडापासून दोन गल्ल्या वर,
दिगंबरगुरुजींच्या लोखंडी कपाटात
लाल कापडातल्या लांबट वह्या:
गाव, कूळ, कोण कुणाचा,
कुणाच्या अस्थी घेऊन कोण आला,
खाली सही, नाहीतर अंगठा.
गुरुजी पान उलटणार, मी बटण दाबणार,
त्यांचा भाचा शार्दूल दर फोटोला
पंखा बंद करणार आणि पुन्हा लावणार.

माझा कॅमेरा जुना,
हजाराच्या पुढे त्याला मोजता येत नाही.
दोन दिवस तो ९९९ च म्हणत राहिला,
आणि मी विश्वास ठेवला.

बाराव्या वहीपासून पानं एकमेकांना चिकटलेली.
गुरुजींच्या मुंजीच्या वर्षीचा पूर.
कुठवर होतं पाणी? मी विचारलं
(नाशिकात पूर कुणी फुटांत मोजत नाही,
दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात:
गुडघा, कंबर, छाती).
मारुती दिसतच नव्हता, गुरुजी म्हणाले,
आणि सुरीच्या पात्यानं पान सोडवत राहिले.

शाई फुटून धाग्याधाग्यात शिरलेली,
वर गाळाचे बारीक बारीक कण.
त्या एका पानाला साडेतेरा एमबी.
स्वच्छ अक्षरातल्या चार पिढ्या
सातात मावल्या होत्या कालच.
नावं कॅमेऱ्याला थोडक्यात सांगता येतात.
डाग थोडक्यात सांगता येत नाही.

आकडा घसरू लागला.
सोळावी वही: दोनशे चार.
सतरावी: साठ, मग एकतीस.
लाइटबिल पर्समध्येच होतं, काढलं नाही.

शार्दूल म्हणाला, कोरी पानं सोड ना, ताई,
प्रत्येक घराण्यामागे पाच-सहा आहेत, जागा वाचेल.
गुरुजींनी चष्मा काढला.
ती उगीच नाहीत.
आजोबा समोरच्याची पोरं मोजायचे,
त्याच्याकडे एकदा नीट बघायचे,
आणि तेवढी पानं सोडून पुढचं कूळ लिहायचे.
कधी चुकायचे?
बऱ्याचदा. हे बघ, इथं नावं समासात चढलीत.
आणि हे, चांदोरीचे. सहा पानं सोडली,
सव्वा ओळ भरली.
घे तीही. तो त्यांचा अंदाज आहे.

पंखा बंद झाला.
चांदोरीकरांचं पहिलं कोरं पान, दुसरं, तिसरं,
कडेला एक लहानसं झुरळाचं अंडं, चौथं.
पाचव्याला कॅमेऱ्यात राहिला १.

सहावं पान पिवळट, सरळ, काहीच नसलेलं.
बटण दाबलं.
लाल दिवा लुकलुकून विझला.
आकडा पाहिला.
अजून १.