शक्यतो

तासगावच्या कोर्टाबाहेर माझं टेबल.
एक पाय तोकडा, त्याखाली
रद्द झालेल्या मुखत्यारपत्राची घडी.

पायगोंडा चौगुले कोल्ड स्टोरेजचा करार घेऊन आले.
मी टाईप केलं : माल चार अंशांवर ठेवील.
ते खांद्यावरून वाकले.
"गुरव, तिथं जरा शक्यतो घाला की."

तीन अक्षरं, त्यात एक जोडाक्षर.
पानाचा दर तोच.
'चार'च्या अलीकडं मी जागा केली,
एसटीत कुणाला करून देतो तशी,
बूड जरासं सरकवून.

समोर कमरुन्निसा मुल्ला.
सतरा वर्षं दुसऱ्यांचा बेदाणा निवडला,
आता पहिल्यांदा स्वतःचे तीनशे बॉक्स.
कलम मी वाचून दाखवलं. ते माझं कामच.
शक्यतो तिच्या कानावरून गेलं
आदबीसारखं.
आपल्याकडं बोलतातच असं :
जेवूनच जावा शक्यतो.
तिनं सही केली, सावकाश,
खाली दोन टिंबं देऊन.

मेमध्ये कॉम्प्रेसर बसला. अकरा दिवस.
हिरवा माल काळा पडला,
आणि काळ्याला सौद्यात कुणी हात लावेना.

कोर्टात त्या एका शब्दावर
चौगुल्यांच्या वकिलानं अख्खी दुपार काढली.
"ठेवील म्हणजे ठेवील, मॅडम.
शक्यतो ठेवील म्हणजे
ठेवायची इच्छा होती."
इच्छा होतीच. खोटं कोण म्हणतंय?
मी मागच्या बाकावर होतो.
माझ्या बोटांना कुणी साक्षीला बोलावलं नाही.

निकालानंतर ती टेबलाशी आली.
भांडली असती तर बरं वाटलं असतं.
मूठभर काळा बेदाणा कागदावर ठेवला, म्हणाली,
"तो शब्द काढायला किती पडले असते?"

"काही नाही."

बराच वेळ ती माझ्या कीबोर्डकडं बघत राहिली.
मग स्टूल ओढलं.
"सावळजच्या स्टोरेजशी नवा करार. लिहा.
चार अंशांवर ठेवील.
न ठेवल्यास?"
मी थांबलो. इतकी वर्षं
न ठेवल्यासच्या पुढं काय, हे मला
पक्षकारानं कधी विचारलं नव्हतं.
"न ठेवल्यास त्या दिवसाच्या बाजारभावानं
भरून देईलच."

"मावशी, कायद्यात च लागत नाही.
नुसतं देईल पुरतं."

"असू दे. घाला."

घातला.
टेबल हललं जरा, दोन बेदाणे घरंगळले.
एक मी उचलून तोंडात टाकला.
गोड होता अजून.