शेरा

गंगाखेड आगारात, चौकशीच्या खिडकीमागे
एक लोखंडी कपाट आहे.
लोक विसरून गेलेल्या वस्तू त्यात राहतात
आणि त्यांच्या वहीसोबत मी, एकोणीस वर्षं.

डबा विसरला तर माणूस तासाभरात येतो,
घाम पुसत, भाजी कुठली होती तेही सांगतो.
छत्रीला आठवडा लागतो.
एकदा रुमालात गुंडाळलेली कवळी आली,
तिच्यावर दोघांनी हक्क सांगितला,
एक जण भांडून गेला.
पण पहाटे पाचला उठा म्हणणारी,
मन जिंका, वेळ जिंका, जग जिंका म्हणणारी
चकचकीत कव्हरांची पुस्तकं
न्यायला कोणी म्हणजे कोणी येत नाही.

मुदत संपली की मी ती घरी नेतो.
वाचली सगळी. खोटं कशाला बोलू,
एक महिना उठलोही पाचला.
आरशात बघून म्हणालो, मी समर्थ आहे.
मोरीतून बायको म्हणाली,
मग बोअर चालू करा.

एकात लिहिलं होतं, दूर गेल्याशिवाय
माणूस स्वतःला भेटत नाही.
मी लातूर सोडलं, परळी सोडली, उदगीर सोडलं,
भोंग्यावरून, माईक तोंडाशी धरून.
स्वतः मात्र फार तर परभणी,
तेही दाढ काढायला.

शिमग्याच्या आधी आलं एक पुस्तक.
पहिल्या पानावर नाव: चित्रकला पतंगे, कळमनुरी.
आत एका पानावर छापलेलं,
आज कशाबद्दल कृतज्ञ आहात, तीन गोष्टी लिहा.
खाली बॉलपेननं
एक, नळ आला.
दोन, भरून झालं.
तिसरी ओळ कोरी.
नीट बघितलं तर कोरीही नाही,
पेन टेकवल्याचा ठिपका होता,
निळा, दाबून.

त्या ठिपक्यापायी मी रजा टाकली.

परभणीला बस बदलली.
वसमतच्या आसपास शेतात हळद शिजत होती,
वाफ खिडकीतून आत आली,
कच्ची, मातकट, थोडी औषधासारखी.
शेजारणीच्या मांडीवरचं पोर शिंकलं
आणि आपल्याच शिंकेला खदखदून हसलं,
पुन्हा शिंक येते का वाट बघत बसलं.
औंढ्याला ड्रायव्हरनं दहा मिनिटं सांगून
पंचवीस घेतली.
आयुष्यभर असल्या उशिराच्या नोंदी केलेला मी
ती पंधरा मिनिटं एका दगडावर बसून खाल्ली.
कोणालाच सांगितलं नाही.

कळमनुरीत, झेरॉक्सच्या बाजूला, पिको-फॉल.
पुस्तक बघून बाई हसायलाच लागल्या.
अहो, इसरले नव्हते. ठिवूनच आले होते ते.
कामून? मी विचारलं.
रोज रातच्याला पुसायचं ना, आज काय मिळालं म्हणून.
आता मिळालं का काम करावं, का लिहीत बसावं?
बसा. सुशीला केलेली हाय.
एवढ्या लांबून उगं आलात.

मुरमुरे कडेला अजून कुरकुरीत होते,
लिंबू हाताला लागलेलं.
तिसऱ्या ओळीचं विचारायचं होतं,
तोंडात घास होता,
तेवढ्यात मशीन सुरू झाली
आणि ते राहूनच गेलं.

परतताना गंगाखेड आलं तेव्हा
पुस्तक सीटवर ठेवलं,
मागे न बघता उतरलो.
तिसऱ्या दिवशी कंडक्टर घेऊन आला,
शेवटच्या सीटवर सापडलं म्हणे,
लिहून घ्या.

जुन्या नोंदीपुढे शेरा मारला होता:
मालकानं ओळखलं, हसल्या, घेतलं नाही.
साहेबांनी तो खोडून 'निकाली' लिहिलं होतं.
मी नवा नंबर टाकला.
वस्तू, पुस्तक एक.
मालकाच्या रकान्यात पेन टेकवलं
आणि तेवढ्यात खिडकीशी कोणीतरी आलं,
घाम पुसत,
वांग्याची भाजी होती म्हणाला,
झाकण जरा ढिलं आहे.