शूटिंगवाला

माझा पहिला सिनेमा दोंडाईच्याच्या एका मांडवात बुडाला.
एप्रिल, पारा चव्वेचाळीसवर,
खांद्यावर भाड्याचा कॅमेरा, ओल्या पोत्यासारखा जड,
आणि नवरदेवाच्या घोडीपुढे
नरडाण्याचे सुकलाल मास्तर क्लॅरिनेट फुंकत होते.
गाल फुगायचे, बसायचे,
कानामागून घामाची एक रेघ थेट कॉलरीत.
मी घोडी विसरलो. नवरदेव विसरलो.
मंगलाष्टकं लागली तेव्हा मी मांडवामागे होतो,
चिंचेखाली मास्तर ओल्या फडक्यानं वाद्य पुसत होते, तिथे.
"मन्हं तोंड काय काढस भाऊ," ते म्हणाले,
"तोंड म्हंजे नुसता भाता शे. बोटे काढ."

तीन तासांच्या कॅसेटीत दीड तास मास्तर.
वधूपित्यानं टीव्ही बंद केला. म्हणाला,
"पोरीचं लग्न लावलं मी, का बँडवाल्याचं?"
राहिलेले साडेचारशे त्यानं दिले नाहीत.

पुढची तीस वर्षं मी तेच केलं,
फक्त पैसे न देणारे बदलत गेले.

साक्रीच्या डोंगरात लाल्या भोये म्हणाला,
देवाचा महिना सरला, पावरी आता भिंतीवर,
अकरा महिन्यांनी ये.
गेलो.
तेव्हा तो तापानं पडलेला, त्याच्या पोरानं वाजवली,
चुकत वाजवली, ती चूकच मी ठेवली.

पारोळ्याला वहीवाले रात्रभर गायले.
पहाटे डफ शेकोटीला धरून त्यांच्यातला म्हातारा म्हणाला,
"यात आमचं नाव लागंल,
का नुसतंच लोककलावंत?"
आधीच्या तिन्ही फिल्मांत मी तेवढंच लिहिलं होतं.
मी शेकोटीत काडी सरकवत बसलो.

बायकोनं यावलच्या शाळेत पगार घेतला
म्हणून मी दिग्दर्शक.
दिल्लीत एकदा शाल मिळाली, ती माझ्या आईनं
केळीचा घड पिकायला झाकायला घेतली.
परदेशातल्या एका महोत्सवात सात प्रेक्षक होते,
त्यातले दोघे थंडी वाजते म्हणून आत आलेले.
गावात मात्र अजून तेच:
अरे, तो पाहा, शूटिंगवाला.

मागच्या माघात अमळनेरला दारावर एक बाई आली,
पिशवीत जुन्या लुगड्यात गुंडाळलेली कॅसेट.
म्हणाली, मी तेजल. दोंडाईच्याचं लग्न
माझ्या आईचं होतं. आई दिवाळीनंतर गेली.
आजोबांनी ही रागानं माळ्यावर फेकली होती,
घरात त्या दिवसाचा एक फोटो नाही.

फितीला बुरशी होती.
चार दिवस मी कापसानं पुसत राहिलो,
वीतभर, मग वीतभर,
आणि मनात एकच हिशेब: नवरी मी कुठे काढली होती?

नव्हतीच काढली.
तासाभरानं वरात दारात येते, मास्तर तान घेतात,
त्यांच्या डाव्या खांद्यामागे घराची खिडकी,
खिडकीच्या गजावर
हिरव्या चुड्याचा, हळदीचा एक हात,
बोटं ठेका धरतायत.
ढोलवाला मागे पडतो. बोटं पडत नाहीत.
एका अवघड जागी मास्तर थांबतात
आणि बोटंही तिथेच थांबतात, बरोबर तिथेच,
जणू त्यांना आधीच ठाऊक होतं.

तेजल म्हणाली, आई तर कधी गुणगुणलीसुद्धा नाही.

आणि नेमका तिथेच मी झूम करत जातो.
मास्तरांचे गाल मोठे होत जातात,
खिडकी सरकते, चुडा सरकतो,
शेवटी एक करंगळी राहते फ्रेमच्या काठाला,
मग तीही नाही.
अकरा सेकंद. मी मोजले, नंतर पुष्कळदा मोजले.
त्या वयात मला कॅमेरा मागे घेता येत नव्हता.

"पुढे आहे का ती?"
"नाही. पुढे अर्धा तास मास्तरांची बोटं आहेत."

ती थोडा वेळ काळ्या पडद्याकडे पाहत राहिली.
मग पदरानं चष्मा पुसला
आणि खुर्ची जवळ ओढून म्हणाली,
लावा.