चीक

मिरजेहून नऊ दिवसांनी परत आलो.
ह्यांचा मणका स्क्रूनं आवळलेला,
एक्स-रेची पिशवी माझ्या काखेत.
कुलूप काढलं, तर दाराआत
कुणीतरी उभं होतं.
दिसत नव्हतं.

हे म्हणाले, उंदीर मेलाय.
मी म्हणाले, उंदराची एवढी ताकद नाही.

आष्ट्यातली आमची गल्ली. कोपऱ्यावरची डीपी जळाली
आणि सहा दिवस लाईट नव्हती, हे मागाहून कळलं.
फ्रिजमध्ये स्टीलची कासंडी,
तिच्यावर कोरलेलं: प. भू. चौगुले.
निघायच्या घाईत पद्माक्कानं हातात दिलेली.
"चांदी व्याली काल. पैल्या दिवसाचा चीक हाय.
वड्या पाड, दवाखान्यात घिऊन जा."
कुठल्या वड्या? गाडी दारात, हे मागच्या सीटवर आडवे.
कासंडी आत ढकलली नि दार लावलं.

तो चीक फुगून, झाकण उचलून बाहेर आला होता,
जाळीवरून खाली, भाजीच्या खणात,
आणि तिथून पुढं कुठं,
ते शोधण्यात माझे पंधरा दिवस गेले.

कोमट पाण्यात सोडा. जाळ्या, खण, अंड्यांची फळी
अंगणात उन्हाला.
लिंबू फिरवलं: दोन दिवस लिंबू,
तिसऱ्या दिवशी लिंबू आणि चीक.
चायनीजच्या गाड्यावरनं व्हिनेगर मागून आणलं:
व्हिनेगर आणि चीक.
दोन रुपयांची कॉफीची पुडी बशीत उघडून ठेवली,
तर दवाखान्याचं कँटीनच आत येऊन बसलं, चिकासकट.
इस्त्रीवाल्या शिवलिंगकडनं कोळसे आणले.
तो म्हणाला, वहिनी, नजर काढताय का कुणाची?
पेपरचे बोळे कोंबले, हळदीचे भाव छापलेले.
दात घासायच्या जुन्या ब्रशनं
रबराची घडी न् घडी उकलली.
काळी रेघ निघाली.
वास जागचा हलला नाही.

बर्फालासुद्धा लागला.
गोळी घेताना हे म्हणाले,
पाणी म्हशीखालनं काढलंस काय?

आणि रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून:
"वड्या कशा झाल्या गं?"
"मऊ झाल्या. वेलदोडा घातला होता."
"गूळ का साखर?"
"गूळ."
वेलदोडा मी आपणहून घातला.
कुणी विचारलं नव्हतं.

एका रात्री झोप येईना. मोटार सुरू झाली
आणि वास एकदम ताजा झाला, गरम भाकरीसारखा.
तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला.
एकटीनं फ्रिज भिंतीपासून ओढला.
पाठीमागं, खाली, मोटारीवर एक ताटली असते,
वितळलेलं पाणी जिच्यात थेंब थेंब साठतं.
बारा वर्षं फ्रिज घरात,
बारा वर्षं तिच्यासमोर कणीक मळली,
ताटली मला ठाऊक नव्हती.
तिच्यात पिवळी साय धरलेली, कडेला भेगा,
मधोमध एक झुरळ, पाय वर करून.
आतल्या भोकातून स्वेटरची सुई घातली,
उकळतं पाणी ओतलं, तीनदा, चारदा.
पहाटे फ्रिज उघडला.
नुसता गारवा.
किती वेळ तोंड आत घालून उभी होते, कोण जाणे.

रिकामं भांडं परत द्यायचं नसतं.
कासंडी राखेनं घासली, चिंचेनं घासली,
गुळाची ढेप फोडून चार खडे टाकले आत.
पद्माक्कानं झाकण काढलं,
गुळाकडं न बघता भांडं नाकाशी नेलं.
चांदी मागं रवंथ करत होती.

"डीपी माझ्या बी घराची तीच हाय, बाई,"
ती म्हणाली. "माझा बी गेला सगळा. भांडंभर."

मी पदर बोटाला गुंडाळत राहिले.
तिनं एक खडा माझ्या हातावर ठेवला, एक स्वतःच्या तोंडात,
आणि गूळ गालात धरूनच विचारलं:

"मागली ताटली काढलीस न्हवं?"