अकरा किलो

रंकाळ्याला दोन फेऱ्या, रविवारी जोतिबाच्या पायऱ्या,
पाठीवर दहाचा गुळाचा रवा.
नारळवाला विचारतो, "नवस हाय काय ताई?"
मी म्हणते, सराव.

डॉक्टर कारेकरांनी रक्तदाब दोनदा घेतला.
"वर डोकं दुखलं तर सांगायचं.
लपवणाऱ्यांनाच खाली उचलून आणावं लागतं."
मी मान डोलावली. लपवायची सवय
त्यांच्या कागदावर कुठं लिहिली नव्हती.

आता पलंगभर पसारा:
लोकरीचे मोजे, ओआरएसच्या पुड्या,
टाचेसाठी चिकटपट्टी, अर्ध्या करून ठेवलेल्या गोळ्या.
सॅक ताणकाट्याला अडकवली. अकरा.
शेंगदाण्याची चटणी काढली,
दहा सातशे.
परत ठेवली.
टूथब्रशचा दांडा सुरीनं कापताना
मृणाल हसून लोळली, "आई, चार ग्रॅम!"

बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा: अठ्ठ्याण्णव.
वर हा आकडा ऐंशीच्या घरात येईल म्हणे
आणि तिथं त्यालाच बरं म्हणायचं.

धैर्यशील न बोलता बोट पुढं करतो.
त्याचेही अठ्ठ्याण्णव.
तरी चिमटा काढत नाही बराच वेळ,
लाल आकड्याकडं बघत राहतो.

"डोकं थोडं दुखतंय," मी म्हणते.
सरावच आहे हाही.