कॅरिअरवर घड्याळ

दुकानाचं शटर अर्धंच वर केलं, वाकून बाहेर काढलं
अर्बारोबाच्या शाळेचं भिंतीवरचं घड्याळ.
जुन्या ब्लँकेटात गुंडाळलं, दोरीचे तीन वेढे दिले
आणि कॅरिअरवर आडवं टाकलं,
दवाखान्यातून घरी न्यायच्या पेशंटसारखं.

सायकल भावाची. सीट त्याच्या उंचीची.
तो सीमेपलीकडे गेला त्याला सहा वर्षं झाली,
सीट मी खाली घेतलेली नाही.
पाय टेकत नाहीत.
थांबायचं तर आधी फुटपाथ शोधावा लागतो.

अस्मारा अजून कुशीवर वळतेय.
ताडांच्या रांगेखाली झाडूवाल्या,
पांढरी नेत्सेला नाकापर्यंत ओढून;
कोपऱ्यावरच्या बारमध्ये कॉफीच्या यंत्राची पहिली शिट्टी.
रेल्वेच्या रुळांवरून चाक गेलं
आणि मागे ठण्ण.
एक.

आमच्याकडे दिवस उगवतो
तेव्हाच बारा वाजलेले असतात,
मग तासाभराने एक.
वडील याच मोजणीवर घड्याळं लावत, मीही लावते.
हे मात्र खड्ड्यांवर चालतं.
पोलीस चौकीपाशी चार. चर्चच्या उतारावर नऊ.
चर्चमधून निघालेल्या एका म्हातारीने
माझ्याकडे बघत क्रूस केला.

शहर कुठे संपतं ते पाटीवर नाही.
डिझेलचा वास विरतो, निलगिरीचा सुरू होतो,
आणि कुणीतरी शेणाने सारवलेलं अंगण
कोरडं व्हायच्या आत ओलांडतं कुत्रं.
मग दुर्फोचं वळण.
तिथे रस्ता एकदम पायाखालून काढून घेतल्यासारखा.
खाली समुद्र असायला हवा.
आहे तो ढग,
दरीत तुडुंब, एखाद्या हंड्यात साय धरावी तसा.

मागून आवेत आणि त्याची पोरं,
तंग जर्सीतली, पाठी वाकवून, सुसाट.
‘अल्गानेश, किती वाजले?’
‘मागे बघ की!’
पण ते तोवर धुक्यात शिरलेले.

कठड्यावर बबून माकडांचं अख्खं खटलं बसलेलं,
पिलांच्या उवा वेचत.
एक थोराड नर ब्लँकेटचं टोक ओढायला उतरला
आणि नेमका खड्डा.
अकरा ठोके, एकामागोमाग एक, थांबेचनात.
सगळी टोळी कड्यावरून पसार.
मी इतकी हसले
की पुढचं वळण ब्रेकशिवायच गेलं.

शाळेत मास्तर हाब्तेसिलासी खिळा ठोकून तयार.
टांगलं. लंबक हलवला.
काटे चालले.
ठोका मात्र पडेना.
आम्ही दोघं, आणि लवकर आलेली सात मुलं,
भिंतीकडे तोंड करून उभे.
वाटभर बडबडलेलं घड्याळ
परक्या घरी आणलेल्या पोरासारखं गप्प.

‘असू दे,’ मास्तर म्हणाले.
‘सुट्टी पोरांना पायरीवरच्या सावलीवरून कळते.
भिंतीवर गोल डाग राहिला होता गं,
तो रोज डोळ्यांत यायचा.’

पैशांऐवजी कोंबडा मिळाला.
टोपलीत, वर पोत्याचं झाकण.
झाकलं म्हणून काय होतंय!
तांबडं फुटून दोन तास झाले
तरी हा पठ्ठ्या दर खड्ड्याला आरवतो.

उतार फुकट मिळाला असं वाटतं.
चढ त्याचं बिल घेऊन वळणावळणावर उभा.
उतरून ढकलायला लागले,
नंतर लाज वाटून पुन्हा चढले, पाय ताणून,
पायडल खाली गेलं की नुसती बोटं पोचतात.
श्वास कानात वाजायला लागला.

तेवढ्यात पाठीवर एक हात.
आवेत, परतीच्या वाटेवर.
एका हाताने स्वतःचं हँडल, दुसऱ्याने मी.
काही बोलला नाही.
कोंबडा आरवला, मी हसले नाही,
दम नव्हता.
निलगिरीपर्यंत तो हात तसाच होता,
गरम, घामेजलेला,
मग सपाटीवर आलो
आणि त्याने तो काढून घेतला,
मला कळलंसुद्धा नाही
नेमका कधी.